जिल्हा संघटनेने संगणक शिक्षणात आधी काय हाती घ्यावे?

आपण लिहिता की सिंधुदुर्गात संगणक शिकवणाऱ्या आणि या व्यवसायात असलेल्या ६० जणांनी मिळून गेल्या वर्षी संघटना नोंदवली, वार्षिक वर्गणी ५०० रुपये ठरली आणि शिक्षण समितीचे निमंत्रकपद आपल्याकडे आले. पहिल्याच बैठकीत १४ सूचना आल्या. त्यांत शाळांमध्ये कोडिंग, शिक्षकांसाठी कार्यशाळा, प्रोग्रामिंगची स्पर्धा, मुलींसाठी शिबिर, कृत्रिम बुद्धिमत्तेवर व्याख्यानमाला, संघटनेचे स्वतःचे प्रमाणपत्र असे सगळेच होते. हात वर करून मते घेतली तेव्हा चौदाच्या चौदा मंजूर झाल्या. शिवाय एका ज्येष्ठ सभासदांनी रोबोटिक्स प्रयोगशाळेसाठी देणगीदार उभा केला आहे आणि त्यांचे मन न दुखवता काय करावे, हेही आपण विचारले आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यात २६ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवले आणि त्यातली सहा वर्षे अशाच एका संघटनेची शिक्षण समिती सांभाळली. पुढे जे लिहितो ते त्या सहा वर्षांतल्या चुकांवर जास्त आणि यशावर कमी आधारलेले आहे.

आपल्या मतदानातून काही निघाले नाही याचे कारण सूचना वाईट होत्या असे मुळीच नाही. चौदाही चांगल्या आहेत, आणि "हे चांगले आहे का" असे विचारले की प्रत्येकाचा हात वर जाणारच. समितीने विचारायचे प्रश्न दोन आहेत. पहिला, हे काम आपण केले नाही तर जिल्ह्यात दुसरे कोणी करणार आहे का? दुसरा, हे काम करायला नेमके कोण, किती तास देणार आहे? संगणक साक्षरतेचे प्रमाणपत्र द्यायला एमएस-सीआयटीची केंद्रे बहुतेक सर्व तालुक्यांत आहेत. संगणक टंकलेखनाच्या परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते. अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम राज्य मंडळ ठरवते आणि पदवीचा विद्यापीठ. या जागा भरलेल्या आहेत आणि तिथे ५०० रुपये वर्गणीच्या संघटनेने घुसण्यात अर्थ नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. आपले ६० सभासद कोण आहेत हे आपल्या पत्रात नाही. निम्मे सभासद माध्यमिक शाळांतले असतील तर एक उत्तर येते. बहुतेक जण अभियांत्रिकी वा पदवी महाविद्यालयातले असतील तर दुसरे. आणि खासगी क्लास चालवणारे किंवा पुण्या-मुंबईची नोकरी गावाकडच्या घरातून करणारे अधिक असतील तर तिसरे. मी शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयातले शिक्षक बहुसंख्य आहेत असे धरून चाललो आहे, कारण कोकणात बहुधा तसेच असते. आपल्याकडे चित्र वेगळे असेल तर पुढच्या मजकुरातला हिशेब तोच ठेवावा, निष्कर्ष मात्र आपले आपण काढावेत.

आता तो हिशेब. नव्या समित्या नेहमी पैसे मोजतात. ६० गुणिले ५०० म्हणजे ३०,००० रुपये, त्यात काय बसेल ते पाहू, अशी चर्चा सुरू होते. माझा अनुभव असा की पैसा क्वचितच अडवतो, आधी संपतात ते तास. साठ सभासदांपैकी बैठकीला वीस येतात आणि बैठकीनंतरही फोन उचलणारे आठ-नऊ असतात. नऊ धरू. प्रत्येकाने महिन्याला चार तास खरोखर दिले असे मानू, आणि ते देणे सोपे नाही. आता महिने मोजू. एप्रिल-मे गेले, कारण तेव्हा अर्धे शिक्षक आंब्याच्या कामात असतात आणि उरलेले पेपर तपासण्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा आणि शिमगा. गणपतीत कोकणात कुणी कुणाला भेटायचे ते आरतीला किंवा भजनाला, कार्यशाळेला नव्हे. त्याला जोडून सहामाही आणि दिवाळी. म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर-ऑक्टोबरमधले तुकडे मिळून एक महिना, मग नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी असे सात महिने हातात राहतात. नऊ गुणिले चार गुणिले सात, एकूण २५२ तास.

एका दिवसाच्या कार्यशाळेला किती तास लागतात हे आम्ही एकदा वहीत लिहून ठेवले होते. साहित्य तयार करणे, दोन मार्गदर्शकांचा पूर्ण दिवस, हॉल आणि यंत्रांची व्यवस्था, शाळांना पत्रे, मुख्याध्यापकांची परवानगी आणि नंतरचा पाठपुरावा मिळून ४० तास झाले. २५२ भागिले ४० म्हणजे सहा. वर्षभरात आपली संघटना नीट म्हणता येतील अशा सहाच गोष्टी करू शकते, त्याही बाकी सारे सोडून. चौदा मंजूर सूचनांचे काय होणार, हे या भागाकारातच दिसते.

म्हणून पुढच्या बैठकीत चौदा सूचना एका मोठ्या कागदावर लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे दोन रकाने आखावेत, "नाव" आणि "तास". जी सूचना ज्यांना हवी आहे त्यांनी तिच्यापुढे स्वतःचे नाव आणि या वर्षी देणार असलेले तास लिहावेत. दुसऱ्याचे नाव लिहायला बंदी ठेवावी, कारण "हे काम सावंत सर छान करतील" असे म्हणणारे प्रत्येक बैठकीत असतातच. आम्ही हे केले तेव्हा अकरा सूचनांपैकी सात सूचनांपुढे कुणाचेच नाव आले नाही. कुणाला नाही म्हणावे लागले नाही, वाद झाला नाही, आणि इतिवृत्तात त्या सात सूचना "पुढील वर्षी विचारार्थ" म्हणून सन्मानाने गेल्या.

उरलेल्यांत निवड करताना माझा कल स्पष्ट आहे. जिल्ह्याच्या संघटनेचे पहिले काम म्हणजे एका शाळेत जमलेला धडा दुसऱ्या शाळेत पोहोचवणे. असे का म्हणतो ते एका प्रसंगावरून सांगतो.

राजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी तास पाहायला मागच्या बाकावर बसलो होतो. बाई मूळच्या गणिताच्या. संगणक त्यांच्याकडे, आपल्याकडे येतो तसाच, "तुम्हाला जमेल" म्हणून आलेला. फळ्यावर ७, ३, ९, १ असे आकडे लिहून त्या बबल सॉर्ट, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावायची एक पद्धत, शिकवत होत्या. शेजारच्या दोन आकड्यांची तुलना करायची, मोठा पुढे सरकवायचा, पुन्हा सुरुवातीपासून. मुले निमूटपणे उतरवून घेत होती. बाईंनी मला काही बोलायची विनंती केली, तेव्हा मी बागायतदाराच्या घरातल्या एका मुलाला विचारले की आंबा उतरवल्यावर तुमच्याकडे पेटी कशी भरतात. तो म्हणाला, "आधी साईज लावतो. चार डझनीचा वेगळा, पाच डझनीचा वेगळा, सहा डझनीचा वेगळा. मग एकेक ढीग घेऊन पेटी भरायची." मी विचारले, एक आंबा दुसऱ्या आंब्याशी लावून बघता का? त्यावर तो हसला. "असं केलं तर आंबा पेटीतच पिकेल, सर."

तिथून पुढचा तास बाईंनीच घेतला, आणि फार सुंदर घेतला. शंभर आंबे असतील तर फळ्यावरच्या पद्धतीने किती तुलना होतील, असे त्यांनी विचारले. प्रत्येक आंबा दुसऱ्या प्रत्येकाशी एकदा धरला तरी ४,९५० होतात, हे गणिताच्या बाई असल्याने त्यांनी दोन ओळींत काढून दाखवले. घरच्या पद्धतीने आंबा एकदा हातात घ्यायचा आणि त्याच्या ढिगात टाकायचा, म्हणजे शंभर वेळा. मागून एक मुलगी म्हणाली की पण ढिगातले आंबे आपापसांत लहानमोठे राहिलेच की. बाई म्हणाल्या, हो, आणि पेटीला त्याने काही बिघडत नाही. जेवढा क्रम हवा तेवढाच लावायचा. ज्याला आम्ही महाविद्यालयात बकेट सॉर्ट आणि अल्गोरिदमची, म्हणजे काम करण्याच्या ठरलेल्या पायऱ्यांची, कार्यक्षमता म्हणून पंधरा दिवस शिकवतो, त्याचा गाभा आठवीच्या वर्गात चाळीस मिनिटांत, वीज नसताना, पोहोचला होता.

खेदाची गोष्ट पुढे आहे. तिथून १४ किलोमीटरवरच्या शाळेत मी पुढच्याच आठवड्यात गेलो. तिथे दुसरे शिक्षक फळ्यावर ७, ३, ९, १ लिहीत होते. दोघांची ओळख नव्हती. दोघेही आपापल्या शाळेत संगणकाचे एकुलते एक शिक्षक. इंग्रजीच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकाला निदान शिक्षकखोलीत बोलायला कोणी असते. आपल्या विषयाच्या शिक्षकाला प्रिंटर दुरुस्त करायला बोलावतात, विषयावर बोलायला कोणी नसते. हे अंतर शासन भरून काढणार नाही, महाविद्यालय काढणार नाही, क्लासवाला काढणार नाही. ते काम संघटनेचेच आहे, आणि त्याला यंत्रे जवळपास लागत नाहीत.

प्रत्यक्षात आम्ही ते असे करत होतो. तालुक्यातले सहा-सात शिक्षक महिन्यातून एका शनिवारी जमायचे. प्रत्येकाने वर्गात खरोखर घेतलेला एक धडा सांगायचा, आणि त्यातला फसलेला भाग वगळायचा नाही. बाहेरचा वक्ता बोलवायचा नाही, स्लाइड दाखवायच्या नाहीत. एक जण वहीत धडा उतरवून घ्यायचा, कारण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेली गोष्ट शुभेच्छांच्या फुलांखाली दोन दिवसांत गाडली जाते. सहा आठवड्यांनी ज्याने धडा ऐकला त्याला फोन करून एवढेच विचारायचे: वर्गात घेतलात का? कार्यशाळेला किती जण आले हा आकडा आम्ही अहवालातून काढून टाकला. आमच्या पहिल्या मोठ्या कार्यशाळेला ३८ जण आले होते, जेवण उत्तम होते, प्रमाणपत्रे वाटली, आणि महिन्याभराने चौकशी केली तेव्हा पाच जणांनी त्यातले काही वर्गात नेले होते.

आपल्या समितीत "आपण स्वतःचा अभ्यासक्रम लिहू या" असे म्हणणारे सभासद निघतील. त्यांना थोपवावे. अभ्यासक्रम लिहिणे हे मोठ्या संघटनांचे काम आहे आणि त्यांनाही ते दहा-दहा वर्षांनी एकदा झेपते. १९४७ साली स्थापन झालेल्या एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने संगणकशास्त्राच्या पदवीसाठी पहिला शिफारसवजा अभ्यासक्रम १९६८ मध्ये काढला. अलीकडचा २०२३ मधला, आणि तोही एकटीने नव्हे, आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेची कॉम्प्युटर सोसायटी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधकांची संघटना एएएआय यांच्यासोबत. शालेय शिक्षकांचे प्रश्न पदवीच्या प्राध्यापकांहून निराळे आहेत हे लक्षात आल्यावर २००४ मध्ये सीएसटीए ही शिक्षकांची वेगळी संघटना एसीएमच्या पुढाकाराने उभी राहिली. आपल्याकडे एसीएम इंडियाने २०१६ मध्ये सीएसपाठशाला हा उपक्रम सुरू केला. शाळेत संगणकीय विचारपद्धती शिकवण्यासाठी, बरेचसे संगणकाशिवायच करता येणारे, वर्गात थेट वापरता येईल असे साहित्य तिथे मिळते. लिथुआनियात २००४ मध्ये सुरू झालेली बेब्रास ही कोड्यांची स्पर्धाही भारतात त्यांच्याच मार्फत होते, आणि तिला प्रोग्रामिंग यावे लागत नाही. मराठीतून सॉफ्टवेअर शिकायचे तर मुंबईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल आहे. शिजलेले अन्न समोर असताना चूल मांडत बसू नये. आपण ते आपल्या वर्गांच्या ताटात कसे वाढायचे ते पाहावे.

मोठ्या संघटनांकडून एक युक्ती मात्र जरूर उचलावी. २०१३ च्या अभ्यासक्रमात एसीएम आणि आयईईईने विषयांचे तीन थर केले होते. पहिल्या थरातले सगळे प्रत्येक विद्यार्थ्याला मिळालेच पाहिजे. दुसऱ्या थरातले शक्यतो सगळे, पण किमान ८० टक्के. आणि बाकीचे ऐच्छिक. त्यांच्यापुढेही आपल्यासारखाच प्रश्न होता, की प्रत्येक तज्ज्ञाला आपला विषय अनिवार्य वाटत होता आणि पदवीची वर्षे तेवढीच होती. आपल्या सहा कामांनाही असेच थर द्यावेत. पहिल्या थरात दोनच कामे, जी पाऊस पडो वा वीज जावो, होणारच. दुसऱ्यात दोन, जमली तर. तिसऱ्यातली सभासदांनी स्वतःच्या हौसेने करावीत, संघटनेने फक्त नाव वापरू द्यावे. पहिल्या थरात मी तालुक्याच्या शनिवारच्या बैठका आणि बेब्रास ठेवीन. दुसऱ्यात मुलींचे शिबिर, कारण ते सुट्टीत आणि शाळेच्या आवारातच घेतले तर पालक पाठवतात. आणि प्रोग्रामिंगची एक छोटी स्पर्धा.

पाऊस आणि वीज हे शब्द सहज लिहिले नाहीत. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या किनाऱ्यावर जून-जुलैतला जो उपक्रम चालू लाइनवर अवलंबून आहे, तो दुसऱ्या थरातच शोभतो. पावसाळ्यात कागद-खडूचे धडे, नोव्हेंबरनंतर यंत्रावरचे, एवढी साधी विभागणी आम्ही तिसऱ्या वर्षी शिकलो.

संघटनेच्या प्रमाणपत्राबद्दल मला थोडे कडक लिहावे लागेल. ही सूचना बहुधा क्लास चालवणाऱ्या सभासदांकडून आली असेल. त्यांचा व्यवसाय प्रामाणिक आहे आणि आडगावात संगणक आधी त्यांनीच नेला, हे मी विसरत नाही. पण ज्या ठरावातून काही सभासदांचा थेट फायदा होतो, त्या ठरावावर त्यांनी मत देऊ नये, हा नियम आपल्या समितीने प्रमाणपत्राचा विषय येण्याआधीच करून ठेवावा. विषय आल्यावर केला तर तो एखाद्या माणसाविरुद्ध केल्यासारखा दिसतो. आमच्याकडे तो उशिरा केला आणि दोन चांगली माणसे कायमची दुरावली.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या व्याख्यानमालेला गर्दी होईल यात शंका नाही, आणि सभासद वाढवायचे असतील तर एक व्याख्यान ठेवायला हरकत नाही. वर्गातला प्रश्न मात्र वेगळा आहे. बारावीचा मुलगा चॅटजीपीटीकडून आणलेला प्रोग्राम वहीत उतरवून देतो आणि तो बिनचूक चालतो. अशा वेळी गुण कशाला द्यायचे? मी शेवटची काही वर्षे प्रॅक्टिकलला विद्यार्थ्याच्याच प्रोग्राममधली एक ओळ झाकून विचारत असे, ही काढली तर काय होईल? ज्याने समजून घेतले आहे तो सांगतो, मग त्याने मदत कुणाचीही घेतलेली असो. असे उपाय प्रत्येक शिक्षक आपापल्या परीने शोधतो आहे, आणि ते पुन्हा त्याच शनिवारच्या बैठकीत यायला हवेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचे म्हटले आहे, तेव्हा हा प्रश्न लवकरच बारावीतून खाली उतरेल.

राहिला देणगीदार. आमच्याकडेही एक आला होता. मुंबईत नाव कमावलेला गावचाच माणूस, हेतू निर्मळ. त्याच्या पैशातून आम्ही रोबोटिक्सचे दहा संच घेतले, उद्घाटनाला फोटो काढले आणि किनाऱ्यालगतच्या एका शाळेत ते कपाटात ठेवले. ते शिकवू शकणारे शिक्षक एकच होते. त्यांची ऑगस्टमध्ये बदली झाली. गणपतीनंतर मी कपाट उघडले तेव्हा पुठ्ठ्यांना बुरशी होती, पिनांवर हिरवट थर चढला होता, मोटारी हाताने फिरवूनही फिरत नव्हत्या. खाऱ्या दमट हवेत उघडे तांबे एका पावसाळ्यात असे होते, हे मला आधी सुचायला हवे होते. घराच्या दाराच्या कड्या मी दरवर्षी बदलतच होतो. दोष देणगीदाराचा नव्हता आणि शाळेचाही नव्हता. नाव आणि तास हे रकाने रिकामे असताना आम्ही वस्तू घेतली, हा समितीचा दोष होता आणि समितीचा निमंत्रक मी होतो.

म्हणून त्या ज्येष्ठ सभासदांना नाही म्हणू नये. तोच कागद त्यांच्यापुढे ठेवावा आणि रोबोटिक्सपुढे दोन वर्षांसाठी दोन नावे आणि त्यांचे तास लिहून आणण्याची विनंती करावी. नावे आली तर प्रयोगशाळा जरूर करावी, किनाऱ्यापासून आत, कणकवली-कुडाळच्या बाजूला, हवाबंद डब्यांसकट. नावे आली नाहीत तर देणगीदाराला दुसरी यादी द्यावी: शाळांच्या बंद पडलेल्या यूपीएसच्या बॅटऱ्या, आणि शनिवारच्या बैठकांना येणाऱ्या शिक्षकांचे एसटीचे भाडे. दुसरी गोष्ट ऐकून लोक हसतात. पण आमच्या बैठका जिल्ह्याच्या ठिकाणी संध्याकाळी चारला होत असत तोवर एकही शिक्षिका नियमित येत नव्हती, कारण परतीची शेवटची गाडी साडेपाचला सुटायची. बैठक तालुक्याला आणि सकाळी अकराला नेल्यावर पहिल्याच महिन्यात चार जणी आल्या. आंब्याचा धडा वहीत आला तो त्यांच्यातल्याच एकीमुळे.